प्रयोगशाळेतले चार महिने

बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला चार महिने एखाद्या शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवावं लागतं. यादी लागली तेव्हा माझ्या मैत्रिणींना वर्ध्यातल्या शाळा मिळाल्या आणि मला सिंदी रेल्वेचं एक कनिष्ठ महाविद्यालय. मी तेव्हा वर्ध्यालगत बोरगाव मेघेला भावाकडे राहत होते. म्हणजे पहाटे उठून दोन डबे करायचे, ऑटोने स्टेशन गाठायचं, तिथून पॅसेंजर, आणि सिंदीला उतरल्यावर पंधरा मिनिटं पायी. आमच्या बी.एड. कॉलेजच्या बाईंना मी विचारलं, जवळचं काही मिळणार नाही का? त्या यादीवरून नजर न काढता म्हणाल्या, "केमिस्ट्री शिकवणाऱ्या जुन्या मॅडम तिथंच आहेत. बाकी ठिकाणी शिकवणारंच कोणी नाही, तर तुला शिकवणार कोण?" मी यादीतला पत्ता उतरवून घेतला.

मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं होतं. वडील शेती करतात, भाऊ वर्ध्याला नोकरीला. मी शिक्षिका व्हावं असा हट्ट घरात कोणी धरला नव्हता, नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. मुलीसाठी मास्तरकी बरी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माझं मत मी स्वतःला तोवर विचारलं नव्हतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. कापसाचा हंगाम होता. स्टेशनापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर जिनिंग गिरणीपुढे गाड्यांची रांग लागलेली असायची आणि वाऱ्याबरोबर कापूस उडत यायचा. पहिल्या दिवशी मी ओढणीवरचे तंतू वेचत वेचतच स्टाफरूममध्ये शिरले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक मॅडम बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर उजवा पाय लांब करून त्या गुडघ्याला मलम चोळत होत्या.

"तूच का ते इंटर्न?"

"हो मॅडम. नमस्कार."

"काऊन आली या लाइनीत?"

असा प्रश्न कोणी इतक्या सरळ विचारेल असं वाटलं नव्हतं. मी मुलाखतीसाठी पाठ केलेलं उत्तर दिलं. "मला शिकवण्याची आवड आहे."

"आवड," त्या म्हणाल्या. मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "बरं. बस. चहा घेशीन?"

मॅडमची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार. यजमानांचं मेन रोडवर हार्डवेअरचं दुकान होतं. त्या घरात नोकरी करणाऱ्या त्या एकट्याच. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर तपकिरी डाग होते. मला वाटलं मेंदीचे असतील. नंतर कळलं, ते पोटॅशियम परमँगनेटचे होते. एक डाग फिका होण्याआधी दुसरा पडायचा, त्यामुळे त्यांची बोटं कायम तशीच.

त्यांनी मला बारावीच्या वर्गावर नेलं. हजेरीपटावर साठ नावं होती. वर्गात अकरा जण.

"आज काही आहे का मॅडम? बाकीचे?"

"बाकीचे नागपूरले हायेत. क्लासेसले. इथं फक्त नाव." त्यांनी हजेरीपट माझ्याकडं दिला. "तू साठ पोट्ट्यायची तयारी करून आली असशीन. ते सोड. हे अकरा पाह्य."

मी खरंच साठ जणांची तयारी करून आले होते. रंगीत तक्ते, पीपीटी, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, मूल्यमापनाचे प्रश्न, सगळं. त्या आठवड्यात मी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा पहिला पाठ घेतला. मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या. मी चाळीस मिनिटं बोलले. एकदाही अडखळले नाही. घंटा झाली तेव्हा फळा भरून गेला होता आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पोरं गेल्यावर मॅडम उठल्या नाहीत. मीच मागे गेले.

"चुकलं का काही मॅडम?"

"चुकलं काई नाई. समीकरणं बरोबर होती." त्या फळ्याकडं पाहत होत्या. "पण तू फळ्याले शिकवून राह्यली होती. पोट्टे मागं बसले होते."

मला राग आला. तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण त्यांनी आवाज उतरवला. "आणि हे पुस्तकी मराठी कमी कर. वर्गात शुद्ध बोल, नको म्हणत नाई मी. पण पोट्टं अडलं की त्याच्या भाषेत बोल. तू बी इकडचीच हायेस ना?"

"हो. इथल्याच सेलू तालुक्यातली."

"मंग."

दुसऱ्या दिवशी तोच भाग त्यांनी पुन्हा घेतला. मी शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी फळ्यावर फार काही लिहिलं नाही. एक प्रश्न विचारला आणि गप्प उभ्या राहिल्या. कोणी बोलेना. मला ती शांतता सहन होईना. त्यांच्या जागी मी असते तर पाच सेकंदांत उत्तर सांगून मोकळी झाले असते. त्या टेबलाला टेकून खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, जणू त्यांना काही घाईच नव्हती. शेवटी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, इलेक्ट्रॉन तिकडून इकडं जात असन." "काऊन जात असन?" त्यांनी विचारलं. आणि पुन्हा गप्प. अख्ख्या तासात तीन प्रश्न झाले असतील. पण अकराच्या अकरा जण बोलले.

"तुम्ही किती वेळ थांबता?" मी नंतर विचारलं.

"गुडघा दुखते म्हणून टेकते, ते पोट्ट्यायले वाटते मॅडम थांबून राह्यल्या." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मनात दहा मोजत जा. आपल्याले लंबा वाटते. त्यायले नाई वाटत."

असे आमचे दिवस सुरू झाले. सकाळी त्यांचा एक तास, माझा एक तास. दुपारी माझ्या पाठांची टाचणं तपासणं. त्या माझ्या टाचणाच्या वहीत लाल पेनाने फार कमी लिहायच्या. कधी फक्त एखाद्या वाक्याखाली रेघ. कधी समासात "हे कोणाले कळीन?" एवढंच. डिसेंबरात एकदा माझा पाठ चालू असताना त्या शेवटच्या बाकावर झोपल्या. मान एका बाजूला कलली, चष्मा नाकावर घसरला. पोरं खुसखुसली. मी आवाज चढवला तेव्हा त्यांना जाग आली. तास संपल्यावर मी मुद्दाम विचारलं, "आजचा कसा झाला?"

"'प्रॉडक्ट'चं स्पेलिंग चुकलं होतं फळ्यावर. आन ती खिडकीजवळची पोट्टी दोनदा हात वर करून खाली करत होती. तुले दिसली नाई."

त्या कधी झोपल्या आणि हे कधी पाहिलं, मला आजवर कळलेलं नाही.

ती खिडकीजवळची मुलगी सायकलने यायची, चार-पाच किलोमीटरवरच्या गावातून. घरची शेती. नागपूरला ठेवायला घरचे तयार नव्हते म्हणून ती इथं. फारसं बोलायची नाही. वर्गात मी कित्येक दिवस तिच्याकडं लक्षच दिलं नव्हतं. तिची खरी ओळख झाली ती प्रयोगशाळेत.

प्रयोगशाळेला कुलूप असायचं. तिथला सहायक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही. नळाला पाणी नव्हतं. बाकीच्या विषयांची प्रात्यक्षिकं कागदावरच होत. मागच्या वर्षीच्या पोरांच्या वह्या यायच्या आणि नवीन वह्यांत उतरवल्या जायच्या. कोणी कोणाला विचारत नसे. मॅडम मात्र दर गुरुवारी कुलूप काढायच्या. हापशीवरून पाणी आणायचं काम आमचं दोघींचं. दोन बादल्या माझ्या, एक त्यांची. मी म्हणायचे राहू द्या मॅडम, मी आणते. त्या ऐकायच्या नाहीत. हापशी मारताना त्या डाव्या पायावर सगळा भार द्यायच्या आणि दात आवळायच्या.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी टायट्रेशन होतं. लांब, उभ्या काचेच्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं. खाली फ्लास्कमध्ये दुसरं पाण्यासारखं द्रावण. वरून थेंब थेंब सोडायचं, फ्लास्क हलवत राहायचं. जांभळा रंग पडतो आणि विरतो, पडतो आणि विरतो. एका थेंबाला तो विरत नाही, फिकट गुलाबी होऊन तसाच राहतो. तिथं थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा लिहायचा. हे सगळं तीन वेळा, तिन्ही आकडे जुळेपर्यंत.

द्रावणं मॅडमनी मला करायला सांगितली होती. त्या दिवशी पॅसेंजर उशिरा आली, मी धावतपळत पोचले आणि घाईघाईत वजन करून द्रावण केलं. पोरांनी प्रयोग केला. मी वह्या पाहू लागले. दहा जणांचं उत्तर १०.२. खिडकीजवळच्या मुलीचं ९.७.

"तुझं चुकलं आहे," मी तिला म्हटलं. "परत कर."

तिने परत केलं. ९.७. मी म्हटलं आणखी एकदा. ९.८. ती ब्युरेट पुन्हा भरायला लागली. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी तिची वही पाहिली, मग बाटलीतलं द्रावण उजेडात धरलं, मग मला बाजूला घेतलं.

"वजन तू केलतं?"

"हो."

"जास्त पडलं असन. द्रावण कडक झालं, म्हणून कमी लागून राह्यलं. हिचं बरोबर हाये. चूक तुही हाये."

"पण मग बाकीच्या दहा जणांचं..."

मॅडम वळल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "दहा पॉइंट दोन कुठून आणलं?"

त्यांनी वाट पाहिली. शेवटी एक मुलगा हसत म्हणाला, "दादाच्या जर्नलमधून मॅडम. सगळ्यायचं तेच येते."

त्या रागावल्या नाहीत. रागावायची ताकद नव्हती की सवय सुटली होती, सांगता येत नाही. "परत करा," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली. सात जण दप्तरं उचलून गेले, कारण गावाकडची बस होती. चौघं थांबली. त्या चौघांसाठी आम्ही पुन्हा दोन बादल्या पाणी आणलं.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते की मी एका मुलीला दोनदा खोटं ठरवलं, आणि ती एका शब्दाने म्हणाली नाही की मॅडम, माझं बरोबर आहे. पुढच्या गुरुवारी मी तिला तसं म्हटलंही. "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मला सांगायचं ना."

ती म्हणाली, "मले काय माईत मॅडम, मी बरोबर हावो म्हणून? मले तेवढंच दिसत होतं."

जानेवारी कसा गेला कळलं नाही. कळलं नाही म्हणजे प्रत्येक दिवस कळला, पण सगळे एकसारखे. सकाळची थंडी, स्टेशन, टाचणं, बादल्या, परत येऊन बी.एड.च्या फाइली. मी गाडीत बसल्या बसल्या झोपायला लागले. एकदा वर्धा ओलांडून पुढं गेले. वर्गात अकराचे नऊ झाले, मग सात. मॅडमना विचारलं, तुम्हाला कंटाळा येत नाही का? त्या शेंगदाण्याची चटणी पोळीला लावत होत्या. म्हणाल्या, "येते ना. काऊन नाई येणार? पण कंटाळा आला म्हणून गुरुवार रद्द केला, असं एकदा केलं की मंग होत नाई. तुले सांगते, मी एकदा केलतं. सहा महिने कुलूप होतं." मग पोळीचा घास घेऊन बराच वेळ चावत राहिल्या.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. त्या दिवशी साठच्या साठ जण हजर. सकाळपासून फाटकापाशी गाड्या लागल्या होत्या. पोरांच्या अंगावर घडी न मोडलेले पांढरे ॲप्रन. त्यातल्या कित्येकांना प्रयोगशाळा कुठं आहे हे शिपायाला विचारावं लागलं. दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजचे एक सर बाहेरचे परीक्षक म्हणून आले होते. वाईट माणूस नव्हते. आल्या आल्या खुर्चीत बसून म्हणाले, "मॅडम, कालपासून तिसरं सेंटर हाये माह्यं. लवकर उरकवून टाकू." प्राचार्य येऊन दोघांशी हळू आवाजात बोलून गेले. सरांसाठी तर्री-पोहे आले.

मॅडमनी मला टेबलांपाशी उभं केलं. "काई फुटू नये आन कोणाचा हात भाजू नये, एवढं पाह्य."

पहिल्याच टेबलावरच्या उंच मुलाने मला विचारलं, "मॅडम, यात ब्युरेट कोणती?"

मी दाखवली. पुढच्याने विचारलं, रीडिंग किती लिहायचं? मी म्हटलं, करून बघ. तो माझ्याकडं असा बघत राहिला की मीच नजर काढून घेतली. थोड्या वेळाने सगळ्या टेबलांवर एकच आकडा फिरायला लागला. कोणी सांगितला मला माहीत नाही. मी सांगितला नाही, पण थांबवलाही नाही.

खिडकीजवळच्या मुलीचं टेबल शेवटचं होतं. तिच्या ब्युरेटची तोटी गळत होती. ती बंद करूनही थेंब पडत होता, त्यामुळे आकडा जुळेना. वेळ संपत आला. परीक्षक सर तिच्याजवळ गेले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बेटा, सगळ्यायनं लिहिलं ते लिही ना. कोणी काई म्हणत नाई."

"सर, गळून राह्यलं हे. दुसरी भेटन का?"

सरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम उठल्या. कोपऱ्यातल्या कपाटाशी गेल्या. खालच्या फळीवर मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ब्युरेट होती. ती त्यांनी कधीच बाहेर काढलेली नव्हती. फळी इतकी खाली होती की त्यांना जमिनीवर बसावं लागलं. ब्युरेट हाती आली, पण उठता येईना. त्यांनी एकदा कपाटाला धरून जोर लावला. गुडघा नाही म्हणाला. साठ पोरं बघत होती. कोणीतरी हसलंही. मी धावले, आणि माझ्याआधी ती मुलगी पोचली. आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी ब्युरेट तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी धू. घाई नको करू."

तिने धुतली. भरली. सगळे बाहेर गेले तरी ती करत होती. परीक्षक सर चहाचा कप घेऊन बसून राहिले, एकदा घड्याळ पाहिलं, पण उठा म्हणाले नाहीत. एवढं त्यांचं मानायला हवं. तिचे तीन आकडे जुळले तेव्हा प्रयोगशाळेत आम्ही चौघंच होतो. सरांनी वही न बघताच सही केली.

मग गुणांचा तक्ता. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. सर एकेक क्रमांक सांगायचे आणि आकडा. एकोणतीस. तीस. तीस. एकोणतीस. तीस. तीसपैकी. मॅडम शेजारी बसून गुडघा चोळत होत्या. ब्युरेट कोणती विचारणाऱ्या मुलाचा क्रमांक आला: तीस. मी पेन थांबवलं. मॅडमकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "लिही." मी लिहिलं. शेवटी त्या मुलीचा क्रमांक आला. सर म्हणाले, "हिले तीस द्या मॅडम, चांगली पोरगी हाये." तीस. तक्रार करायला जागाच नव्हती. तिसाच्या वर आकडा नव्हता.

आम्ही कुलूप लावून बाहेर आलो तर ती फाटकाजवळ सायकल धरून उभी होती. बाहेरच्या पोरांमध्ये कोणीतरी तिला सांगितलं होतं की सगळ्यायले फुल मार्क भेटते, दरवर्षी तसंच असते. तिने मला विचारलं. मॅडमना नाही, मला.

"मॅडम, खरं हाये का ते?"

मी ओढणीवरचा कापूस वेचू लागले. तेच उत्तर झालं.

"मंग मी काऊन येत होती रोज?"

चिडून नाही, रडून नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं. बी.एड.मध्ये आम्हाला विद्यार्थ्यांच्या शंकांचं निरसन यावर वेगळा पाठ होता. मला त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी मॅडमकडं पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "तुले करता येते. त्यायले येत नाई."

"त्याचे मार्क नाई भेटत ना मॅडम."

"नाई भेटत."

मला वाटलं त्या पुढं काही सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. कापसाची एक गाडी धुरळा उडवत गेली. मग मॅडम म्हणाल्या, "जा आता, अंधार पडीन तुले. पेपरचा अभ्यास करजो." ती सायकलवर बसली आणि गेली.

स्टेशनापर्यंत मॅडम माझ्याबरोबर आल्या. एरवी त्यांना दुकानातून कोणी घ्यायला यायचं. त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. लंगडत, थांबत थांबत चालत होत्या.

"मॅडम, त्या तक्त्यावर तुम्ही सही का करता?" मी विचारलं.

"एका वर्षी नाई केली. मंग त्या वर्षी पोट्ट्यायचे मार्क दुसऱ्यानं दिले, आन मले वर्षभर प्रॅक्टिकल नाई दिलं. प्रयोगशाळा बंद." थोडं चालून म्हणाल्या, "सही केली की किल्ली माह्याजवळ राह्यते. हे बरोबर हाये असं मी म्हणत नाई. तू म्हणशीन का चुकते मॅडमचं, तर म्हण."

मी म्हटलं नाही. मनात म्हटलं होतं.

शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शक शिक्षकांचा अभिप्राय भरून घ्यायचा असतो. मैत्रिणींना त्यांच्या शाळांतून पान पान भरून कौतुक मिळालं होतं. माझ्या फॉर्मवर मॅडमनी लिहिलं: "मेहनत करते. आता थांबायला शिकली आहे." मला तेव्हा वाईट वाटलं. फॉर्म परत देताना त्यांनी विचारलं, "मंग? आवड हाये का अजून?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "हे पह्यल्या दिवसापेक्षा बरं उत्तर हाये."

ती मुलगी बारावी बऱ्या गुणांनी पास झाली. मेडिकलला लागली नाही. लागेल असं आम्हालाही वाटलं नव्हतं. तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पुढच्या वर्षी ती मला एसटीत भेटली. आता मोकळेपणाने बोलत होती. मी विचारलं, प्रॅक्टिकल कसे होतात तिथं? ती म्हणाली, "कुलूपच असते मॅडम. मी सरायले म्हटलं किल्ली द्या, मी पाणी भरतो. तर सर म्हणे, तुले काय करायचं हाये?" आणि हसली. मलाही हसू आलं. उतरताना म्हणाली, "देतीन एखाद्या दिवशी. मी विचारतच राह्यतो."

मी आता हिंगणघाटला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. तिसरं वर्ष आहे. इथंही नावं पन्नास आणि हजर दहा-बारा. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा झाली तेव्हा गुणांच्या तक्त्यावर सही माझी होती. मी केली. करताना हात थांबला नाही, आणि त्याचंच मला घरी येऊन जास्त वाईट वाटलं. दर बुधवारी मी कुलूप काढते. कधी सहा पोरं येतात, कधी तीन. मागच्या महिन्यात दोन बुधवार मी गेले नाही. ताप होता, असं सांगितलं. ताप नव्हता.

मॅडम निवृत्त झाल्या. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय. दुपारी दुकानात बसतात. मधूनमधून फोन करतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं की बुटीबोरीच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये जागा आहे, माझ्या वर्गमैत्रिणीने कळवलं, तिथं निदान खरं रीडिंग लिहितात. पलीकडून खिळ्यांचा भाव विचारणारा कोणाचा तरी आवाज येत होता. त्याला उत्तर देऊन मॅडम म्हणाल्या, "जा. मी तुले थांब म्हणणार नाई. मी कोणालेच म्हणत नाई."

"तुम्हाला काय वाटतं पण?"

"मले वाटते, तू थकली. थकल्यावर काई ठरवाचं नाई. दोन दिवस झोप, मंग फॉर्म भर."

दोन दिवस मी झोपले. फॉर्म अर्धा भरला. अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं यावर अडले आणि लॅपटॉप बंद केला. फॉर्मची मुदत या शनिवारी संपते. उद्या सकाळी अकरावीचा तास आहे; मोल कन्सेप्ट. त्याचं टाचण काढायला बसले आहे.